ग्लास पालथा

वाटूर फाट्यावर जालन्याहून मंठ्याकडं जाणारी गाडी थांबली की पाच मिनिटं नुसता गलका असतो. परतूरला जाणारे उतरतात, पिशव्या खाली येतात, शेंगदाणेवाला दारातून आत घुसतो, जीपवाले ओरडतात. तेवढा वेळ आमच्या बाकड्यावर कुणी बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. आणि कोडं सुटतं ते बहुतेक वेळा त्याच पाच मिनिटांत. हा शोध आमच्या मामांचा. ते एसटीत कंडक्टर होते. गलक्यात डोकं शांत ठेवून हिशोब जुळवणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा.

बाकडं चहाच्या टपरीमागं आहे. बसणारे पाच जण: गणित शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, मामा, किराणा दुकानवाले भाऊ, मोटारी वाइंडिंग करणारा एक पोरगा आणि मी. आठवड्यातून एक-दोनदा कुणीतरी कोडं घालतं. नियम एकच आहे. ज्याला ते कोडं आधीच ठाऊक असेल त्यानं चहा संपवून ग्लास पालथा ठेवायचा आणि गप्प बसायचं. ओळखीचं हसायचं नाही, ‘हे तर जुनंच आहे’ म्हणायचं नाही. एका माणसाला उत्तर माहीत आहे असं कळलं की बाकीचे कोड्याकडं बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडं बघायला लागतात. ज्याला नव्यानं सुटलं त्यानं घालणाऱ्याच्या कानात सांगायचं, मोठ्यानं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी एक शब्द गाळला आणि चार संध्याकाळी वाया घालवल्या. ती गोष्ट पुढं येईल. आधी साधं, बिनआकड्यांचं कोडं कसं बांधतात ते बघू.

गेल्या उन्हाळ्यात पोरानं स्वतः रचलेलं एक कोडं घातलं: ‘चार पाय आहेत पण चालत नाही, दिवसा भिंतीला टेकून उभी, रात्री आडवी.’ भाऊ लगेच म्हणाले, “म्हैस.” मग स्वतःच म्हणाले, “नाही, चालत नाही म्हणतोय.” मी टेबल म्हणालो. टेबल कशाला भिंतीला टेकून उभं राहील? गुरुजींनी ग्लास सरळच ठेवला होता, ते वर पत्र्याकडं बघत बसले. उत्तर होतं बाज.

ह्या एवढ्याशा वाक्यात काय काय चाललंय बघा. ‘चार पाय’ म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन गोठ्यात जातं. ‘चालत नाही’ म्हटल्यावर ते गोठ्यातून निघून घरात येतं, टेबल-खुर्चीजवळ थांबतं. ‘दिवसा उभी, रात्री आडवी’ ऐकलं की ते पुन्हा जिवंत वस्तूकडं वळतं, कारण दिवसा उभं राहून रात्री आडवं होणं हे माणसाचं लक्षण. म्हणजे तीन तुकड्यांनी मनाला तीनदा फिरवलं, आणि तिन्ही तुकडे शब्दशः खरे आहेत. कोड्यात खोटं बोललेलं चालत नाही. दिशाभूल करायची ती खऱ्या गोष्टी सांगूनच. आणि ‘उभी’, ‘आडवी’ ह्या स्त्रीलिंगी रूपांनी पोरानं एक खूण उघड्यावर ठेवली होती. मी टेबल म्हणालो तेव्हाच माझं व्याकरण चुकलं होतं, हे गुरुजींनी मला दोन दिवस ऐकवलं.

दुसरी परीक्षा म्हणजे उत्तर एकच निघतं का. नुसतं ‘चार पाय, चालत नाही’ एवढंच ठेवलं तर पाट, चौरंग, टेबल, पलंग, काहीही बसतं. शेवटचा तुकडा बाकीच्यांना दारातच अडवतो. घरी कोडं रचून बघायचं असेल तर वस्तूपासून सुरुवात करावी, तिच्या रोजच्या वागण्यातली दोन परस्परविरोधी वाटणारी लक्षणं घ्यावीत आणि मग शेजाऱ्याला विचारून दुसरं उत्तर निघतंय का ते पाहावं. निघालं तर एक तुकडा वाढवावा. जुन्या बायका जात्यावर, रानात खुरपताना एकमेकींना असं काही घालत, तेव्हा त्याला उखाणाच म्हणत. नवऱ्याचं नाव घेण्यापुरता उखाणा उरला तो नंतर. जुन्या मराठीत उखाणा म्हणजे सरळ कोडं.

आता माझी चूक. भाऊंच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा जुनी तागडी माळ्यावर गेली. ती खाली उतरवायला लावली ती ह्या कोड्यानं. कोडं मूळचं असं: नऊ पुड्या आहेत, दिसायला सारख्या. आठींचं वजन सारखं, एक हलकी. वजनाची मापं नाहीत, नुसती तागडी. दोनदाच तोलायचं आणि हलकी पुडी काढून दाखवायची.

ऐकणारा पहिल्यांदा काय करतो तर चार-चार पुड्या दोन्ही पारड्यांत टाकतो आणि एक बाहेर ठेवतो. चार विरुद्ध चार. वर गेलेल्या पारड्यातल्या चार घेतो, दोन-दोन करतो, मग एक-एक. तीनदा तोलणं झालं. अर्धं-अर्धं करायची ही खोड आपल्याला भाकरीपासून वाटणीपर्यंत लागलेली असते. तागडीला मात्र दोन नाही, तीन उत्तरं देता येतात: डावं वर, उजवं वर, किंवा दोन्ही समान. म्हणजे तिसरं पारडंही आहे, ते फक्त दिसत नाही. दुकानाच्या ओट्यावर जे न तोलता ठेवलंय तेच तिसरं पारडं.

म्हणून पुड्या तीन-तीन-तीन. पहिल्या तिघी डावीकडं, दुसऱ्या उजवीकडं, तिसऱ्या ओट्यावर. तागडी समान राहिली तर हलकी ओट्यावरच्या तिघींत. नाही तर जे पारडं वर गेलं त्यात. आता तीनच उरल्या. त्यांतली एक डावीकडं, एक उजवीकडं, एक ओट्यावर, आणि पुन्हा तोच न्याय. दोनदा तोलून काम झालं. पुड्या सत्तावीस असत्या तर तीनदा लागलं असतं, एक्याऐंशी असत्या तर चारदा.

हे मला नीट पाठ होतं. पण त्या संध्याकाळी ‘एक हलकी’ म्हणायच्या ऐवजी मी म्हणालो, ‘एकीचं वजन वेगळं आहे, ती कोणती आणि हलकी की जड ते सांगा.’ वेगळी म्हटलं काय, हलकी म्हटलं काय, मला दोन्ही सारखंच वाटलं. भाऊंनी तागडी उतरवली, साखरेच्या नऊ पुड्या बांधल्या, दोरे एकसारखे लावले. चार दिवस खेळ चालला. मीही सरळ तोंडानं बसलो होतो, उत्तर माहीत असल्याच्या थाटात. चौथ्या दिवशी मामांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, “हे सुटणार नाही. तुम्ही सांगितलंत ते कोडंच नाही.”

त्यांची मांडणी अशी. एका तोलण्याची तीन उत्तरं. दोनदा तोललं तर तीन त्रिक नऊ उत्तरं, त्याहून जास्त तागडीला बोलताच येत नाही. आता शक्यता किती? वेगळी पुडी नवांतली कुठलीही, आणि ती हलकी किंवा जड, म्हणजे अठरा. “नऊ सीटच्या जीपमध्ये अठरा पॅसेंजर,” मामा म्हणाले. हलकी आहे हे आधीच सांगितलं असतं तर शक्यता नऊच, सीटही नऊच, एकूण एक भरलेली. मी ‘हलकी-जड नका सांगू, नुसती पुडी दाखवा’ अशी पळवाट काढून पाहिली. त्यानंही जमत नाही. एकदाही न तोललेल्या एका पुडीपुरती सूट मिळते, शक्यता अठराच्या सतरा होतात.

मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की मामांनी एकही पुडी न उचलता तागडी बंद केली. कोडं सुटत नाही तेव्हा दोन गोष्टी असू शकतात. आपल्याला जमत नाही ही एक, आणि ते होण्यासारखंच नाही ही दुसरी. शक्यता मोजून सीट मोजणं हा त्या दोन्हींतला फरक ओळखायचा रस्ता. साखर भाऊंनी दुसऱ्या दिवशी विकली. माझ्यावर आठवडाभराचा चहा बसला.

तेव्हापासून बैठकीत कोडं दोनदा सांगायची पद्धत पडली. पहिल्यांदा गोष्टीसारखं, दुसऱ्यांदा शब्दाला शब्द लावून. घालणाऱ्यानं शक्यतो लिहून आणायचं. ऐकीव कोडं पुढं देताना गळतो तो नेहमी एखादा कंटाळवाणा शब्द असतो: ‘दोनदाच’, ‘एकावेळी एक’, ‘हलकी’. रंगाचे, गमतीचे शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतात.

अडकलेल्याला मदत कशी करायची, हे गुरुजींकडून शिकावं. ते उत्तराच्या दिशेनं बोट दाखवत नाहीत. आधी म्हणतात, “प्रश्न परत सांग.” निम्मे लोक इथंच सुटतात, कारण प्रश्न सांगता सांगता त्यांनी स्वतः घुसडलेली अट त्यांना ऐकू येते. तरी अडला तर, “नऊ सोड. तीन पुड्या असत्या तर?” तीन पुड्या एका तोलण्यात निघतात हे कुणालाही दिसतं, आणि एकदा ते दिसलं की नऊच्या कुलुपाची किल्ली हाताला लागते.

त्यांची तिसरी युक्ती आकडे बदलायची. हॉटेलातल्या हरवलेल्या पैशाचं कोडं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तिघं जेवले, प्रत्येकानं १०० रुपये काढले, ३०० झाले. बिल २५० चं. वेटरनं ५० परत आणले. तिघांनी १०-१० घेतले, २० वेटरला ठेवले. म्हणजे प्रत्येकाचे ९० गेले, नव्वद त्रिक २७०, आणि वेटरचे २०, झाले २९०. दहा रुपये कुठं गेले? भाऊंसारखा रोज गल्ला मोजणारा माणूसही इथं दोन मिनिटं डोकं धरून बसला होता.

गुरुजी म्हणाले, “बिल २०० चं धर.” मग १०० परत आले, तिघांनी ३०-३० घेतले, वेटरला १०. प्रत्येकाचे ७० गेले, सत्तर त्रिक २१०, आणि वेटरचे १०, झाले २२०. आता ८० रुपये हरवले! भाऊ हसायलाच लागले. दहा रुपये हरवल्यासारखे वाटतात, कारण २९० हा आकडा ३०० च्या शेजारी बसलेला असतो. ऐंशी म्हटल्यावर कळतं की ही बेरीजच करायची नव्हती. ग्राहकांच्या खिशातून गेलेल्या २७० मध्ये वेटरचे २० आधीच आहेत, २५० गल्ल्यात आणि २० वेटरकडं. ३०० गाठायचेच असतील तर २७० मध्ये परत आलेले ३० मिळवायचे. सगळी लबाडी एका ‘आणि’ मध्ये आहे.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नावेतून एकावेळी एकच पलीकडं न्यायचं कोडंही असंच गावोगाव फिरलेलं आहे. आम्ही ते दुधना नदीवर नेऊन ठेवलं. इसवी सन ८०४ मध्ये वारलेल्या अल्क्विन नावाच्या इंग्रज विद्वानाच्या नावावर असलेल्या लॅटिन संग्रहात ते लांडगा, शेळी आणि कोबी असं आहे. प्राणी बदलले, अडचण तीच: शेळीला पलीकडं नेल्यावर तिला एकदा परत अलीकडं आणावं लागतं. नेलेली वस्तू परत आणणं म्हणजे तोटा, असं मनात पक्कं असल्यामुळं लोक तिथंच अडकतात.

गोष्टीत गणित बसवायची आपल्याकडची मोठी खाण म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’, साधारण ११५० सालची. चाळीसगावजवळच्या पाटण इथं त्यांचा नातू चांगदेव यानं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. लीलावतीतला मोडलेला बांबू गुरुजींनी आम्हाला फाट्यावरच्या धुळीत काठीनं काढून दाखवला: ३२ हात उंच बांबू वाऱ्यानं मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर मोडला किती उंचीवर? बारा हातांवर. वरचा तुकडा २० हात. बारा, सोळा, वीस हा काटकोन त्रिकोण, म्हणजे तीन-चार-पाचचीच चौपट. पोरानं तिथल्या तिथं विजेच्या खांबाचा हिशोब मांडला, पण खांब मोडून दाखवायची आमची तयारी नव्हती.

आकड्यांच्या खेळाचं मात्र आमच्या बैठकीतलं दैवत एकच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. देवळालीला शाळेत मास्तर होते, पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि जन्मभर आकड्यांशी खेळत बसले. अनेक गणितवाल्यांना तो पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळाली ठाऊक झाली. कापरेकर १९८६ मध्ये गेले. त्यांनी १९४९ साली पुढं आणलेला खेळ बाकड्यावर बसल्या बसल्या करता येतो.

कुठलाही चार आकडी अंक घ्या, चारही आकडे एकसारखे नसावेत एवढीच अट. त्यांतून मोठ्यात मोठी संख्या लिहा, लहानात लहान लिहा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. गुरुजी म्हणाले, सन घ्या. मराठवाडा मुक्त झाला तो १९४८ मामांनी घेतला. ९८४१ वजा १४८९, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढं ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी थांबली. दोन पायऱ्यांत.

भाऊंनी १९८१ घेतला. त्या वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा झाला आणि परभणीतला आमचा परतूर तालुका इकडं आला. ८६२२, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पाच पायऱ्या. मी १९७२ घेतला, दुष्काळाचा. ९७२१ वजा १२७९, ८४४२. तिथून ५९९४. मग ५३५५. मग १९९८. मग ८०८२. इथं शून्य टाकून द्यायचं नाही: ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. आणि शेवटी ६१७४. सात पायऱ्या. कुठलाही अंक घेतला तरी सातपेक्षा जास्त लागत नाहीत, म्हणजे दुष्काळाचं साल सगळ्यात लांबच्या वाटेनं आलं. यात गणिताचा काही हात नाही, योगायोग आहे. पण बाकड्यावर कुणी थोडा वेळ बोललं नाही.

हे होतं कशामुळं, हा पोराचा प्रश्न. आकडे उतरत्या क्रमानं लावल्यावर पहिल्यातून शेवटचा वजा करा, मधल्या दोघांची वजाबाकी वेगळी करा. १९७२ चं ९, ७, २, १: बाहेरचा फरक ८, आतला ५. उत्तर नेहमी बाहेरच्या फरकाची ९९९ पट अधिक आतल्याची ९० पट: ७९९२ अधिक ४५०, बरोबर ८४४२. म्हणजे चार आकड्यांपैकी पुढं जातात ते फक्त हे दोन फरक. बाहेरचा एक ते नऊ, आतला शून्यापासून बाहेरच्याइतका. मोजले तर अशा जोड्या ५४ भरतात. हजारो अंक सोडा, ५४ तपासले की सगळं तपासून होतं. पोरानं तांब्याच्या तारेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर चोपन्नच्या चोपन्न जोड्या बाणांनी जोडल्या. सगळे बाण सहा-दोन ह्या जोडीकडं येत होते. ६१७४ चे आकडे लावले तर बाहेरचा फरक सहा, आतला दोन. ५९९४ अधिक १८०. ती जोडी स्वतःलाच जन्म देते. पुठ्ठा अजून त्याच्या दुकानात मीटरच्या बोर्डाशेजारी टांगलेला आहे, त्याला तेलाचे डाग पडलेत.

मोबाइलवर फिरणाऱ्या कोड्यांविषयी थोडक्यात. ‘हुशार लोकच सोडवू शकतात’ असं लिहिलेलं आणि फळांची चित्रं असलेलं कोडं आम्ही सहसा घेत नाही. त्यात शेवटच्या ओळीत केळ्यांच्या घडातलं एक केळं गुपचूप कमी केलेलं असतं. ती डोळ्यांची तपासणी झाली. भागाकार आधी की गुणाकार, असली भांडणंही चिन्हं कशी वाचायची यावरची असतात. कंस घातला की भांडण संपतं आणि कोडंही संपतं.

परवा भाऊंनी तागडी पुन्हा खाली काढली. साखरेच्या बारा पुड्या बांधून आणल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “आता नीट सांगा.” मी कागदावरून वाचलं, दोनदा. बारा पुड्या, अकरांचं वजन सारखं. एक वेगळी आहे. हलकी की जड ते ठाऊक नाही. मापं नाहीत. तीनदाच तोलायचं. ती कोणती आणि हलकी की जड, दोन्ही सांगायचं.

मामांनी आधी सीट मोजल्या. शक्यता चोवीस, तीनदा तोलण्याची उत्तरं सत्तावीस. “बसतात,” ते म्हणाले. पोरानं सहा-सहा टाकायला हात पुढं केला, थांबला, आणि पुड्या परत ओट्यावर ठेवल्या. गुरुजींचा ग्लास पालथा होता. तेवढ्यात जालन्याची गाडी आली.